बुंध्याची हाक

सोमवार, ३ फेब्रुवारी

थोयाने आज संचातल्या सगळ्यांना एकेक वही वाटली. रोज किती धावलो, किती बैठका मारल्या, किती वेळा पडलो ते लिहायचं आणि शनिवारी त्याला दाखवायचं. नैरोबीला जाऊन दहा दिवसांचा कसलासा वर्ग करून आलाय, येताना गळ्यात शिट्टी अडकवून आलाय. वीस वर्षं मी याला खांद्यावर उभा केला, आता हा माझी हजेरी घेणार. त्याला दाखवायची वही वेगळी ठेवली आहे. ही माझी. हिच्यात खरं लिहीन.

झालंय असं की ईस्टरच्या आदल्या दिवशी परदेशातल्या एका सर्कशीचा माणूस आमच्या लिकोनीला येणार आहे. मोम्बासातल्या कसरतवाल्यांपैकी एकाच संचाला तो वर्षभरासाठी नेणार. आम्ही सहा जण. नेलं तर नेलं, नाही तर हॉटेलाच्या पोहण्याच्या तलावाकाठी, जेवणाऱ्या गोऱ्यांसमोर थर लावत म्हातारे होणार. मला जायचंय. चव्वेचाळीसाव्या वर्षी असं दुसऱ्यांदा कोणी विचारायला येत नाही.

म्हणून आता पहाटे वाळूत धावणं, मग बैठका, मग डोळे मिटून एका पायावर उभं राहणं आणि वर तीस वेळा पडणं. सगळ्यांत खाली मी उभा असतो, म्हणून मला बुंधा म्हणतात, आणि सगळ्यांत वरच्याला शेंडा. मी म्हटलं, "अरे, पडतो तो शेंडा. बुंधा कधी पडलेला ऐकलायस?"

"दादा, माड मोडतो तो बुंध्यातच मोडतो," थोया म्हणाला.

पोरं हसली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. मीही हसलो, कारण न हसून काय करणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डावा गुडघा. डिसेंबरपासून कुरकुरतोय. जिना उतरताना जास्त.

माझी बायको काद्झो अंगणात विकायला मंदाझीचे गोड वडे तळत होती, गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मी आतल्या खोलीत दार लोटून बसलो. तव्यावर तापवलेलं जाडं मीठ मोज्यात भरून शेकत होतो. तेवढ्यात म्बेयू आत आली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. जरा थंडीने धरलाय."

"थंडी?" ती म्हणाली. मोम्बासाच्या फेब्रुवारीत अंगातला सदरा सोलून काढावा लागतो. ती मोज्याकडे बघत राहिली, मग बाहेर गेली. शहाणी पोरगी आहे. कोणाला बोलणार नाही.

म्बेयू माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, आमचा शेंडा. खाली मी, माझ्या खांद्यावर थोया, थोयाच्या खांद्यावर ती. सहा वर्षांची असताना मीच तिला वाळूत नेलं. मला शिकवणाऱ्या उस्ताद म्वारोंची रीत होती तीच मी पाळली: नव्या पोराने पहिले शंभर दिवस फक्त पडायचं. हनुवटी छातीला, हात पोटाशी, जमीन खांद्यावर घ्यायची आणि लोळून जायचं. पडताना जो हात पुढे टाकेल त्याने त्या दिवशी सगळ्यांसाठी पाणी आणायचं. म्बेयूने शंभर दिवसांत दोनदाच पाणी आणलं.

उस्तादांचा दुसरा नियम हाकेचा. ज्याच्या अंगावर चढायचं त्याने आधी "आहे!" म्हणून हाक द्यायची. ती ऐकल्याशिवाय वरच्याने पाऊल उचलायचं नाही. त्या दिवशी अंग साथ देत नसेल तर "नाही" म्हणायचं. मग सगळे खाली, आणि का म्हणून कोणी विचारायचं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. थोया आजवर तीनदा "नाही" म्हणालाय. मी वीस वर्षांत एकदाही नाही. हे साऱ्या किनाऱ्याला माहीत आहे.

थोयाच्या वहीत: धावणे तीन मैल, बैठका शंभर, पडणे तीस.

खरं: धावणे नाही. बैठका नाही. पडणे नाही. मीठ दोनदा तापवलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज डोळे मिटून एका पायावर उभं राहायची परीक्षा. थोया मोठ्याने आकडे मोजत होता. म्बेयू सत्तरपर्यंत गेली. कित्साओ पन्नासपर्यंत. कित्साओ चोवीस वर्षांचा आहे, खाडीपलीकडून येतो, बैलासारखी मान आहे आणि बोलतो मात्र नव्या नवरीसारखं. मी पाचाला कलंडलो.

"दादा, बगळा व्हायचंय, तांदळाचं पोतं नाही," थोया म्हणाला.

मी सांगितलं की माझ्या अंगावर दोन माणसं उभी असली की मी हलत नाही, मोकळा असलो की कंटाळा येतो. सगळे हसले. म्बेयू हसली नाही.

वजन चौऱ्याण्णव किलो भरलं. काट्यातच दोष असणार.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पहाटे मी धावायला गेलो असं घरात सगळ्यांना वाटतं. मी नारळाच्या बागेमागे मोडक्या होडीत जाऊन बसतो. पूर्वी गंमत म्हणून बसायचो, आता धावलं की गुडघ्यात खडा गेल्यासारखं होतं म्हणून बसतो.

आज तिथून किनाऱ्यावरची भिंत दिसत होती. ओहोटी होती. म्बेयू भिंतीवर उभी, पाठ समुद्राकडे, डोळ्यांवर आईचा लेसो, कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड, बांधलेला. थोया मागे फेऱ्या मारत होता. मध्येच, काही न सांगता, त्याने तिचे पाय ओढले. ती पडली, गोळा झाली, लोळली, उठली, पुन्हा भिंतीवर. परत ओढले. मी चौदा वेळा मोजलं, मग मोजायचं सोडलं. शेवटी ती ओल्या वाळूतून उठून घट्ट, कोरड्या पायवाटेवर आली आणि म्हणाली, "आता इथे. आणि कधी ओढणार ते मला कळू देऊ नका, काका."

तीन थर लावताना असलं पडणं कशाला लागतं? आणि मला का सांगत नाहीत? एकच अर्थ निघतो. थोया माझ्या पोरीला माझ्यापासून फोडतोय. परदेशी माणसापुढे दोघांचा वेगळा खेळ करणार, आणि बुंधा राहील इथे मंदाझीला पीठ मळत.

घरी आल्यावर विचारलं, "कसं चाललंय?"

"चांगलं," म्हणाली. "बाबा, तुम्ही पण या ना पडायला. मी शिकवते."

"मला? मी तुला शिकवलं, पोरी."

"म्हणून तर म्हणते. आठ वर्षं झाली तुम्ही पडला नाहीत."

शनिवार, १ मार्च

हॉटेलात खेळ. मी हाक दिली, थोया चढला, त्याने हाक दिली, म्बेयू चढली. तिने हात पसरले तेव्हा गुडघ्यातून एक कळ निघून थेट कमरेत गेली आणि मांडी थरथरायला लागली. दात आवळून उभा राहिलो. टाळ्या पडल्या. कोणाला काही कळलं नाही.

नंतर आम्ही पायऱ्यांवर बसून नारळाच्या दुधातली तूर आणि मंदाझी खात होतो. थोया शेजारी येऊन बसला. ताटलीवरच्या माशा हाकलत होता.

"दादा, काही सांगायचंय का तुला?"

"काय सांगायचंय?"

"काही नाही," म्हणाला, आणि स्वतःच्या ताटलीतला तळलेला मासा माझ्या ताटलीत टाकून उठून गेला. माणसाच्या पोटात एक आणि ओठांत एक असलं की तो असं गोड वागतो.

रविवार, ९ मार्च



चर्चमधून आल्यावर थोया घरी आला. काद्झोने चहा दिला. तो त्याने संपवला. मग म्हणाला, "ईस्टरच्या खेळाला बुंधा कित्साओ असेल. बाविसाव्या तारखेला हॉटेलात त्याला उभा करून बघू."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू शिकव त्याला. तुझ्याएवढं कोणाला येतं?"

"कोणी सांगितलं तुला की मला जमत नाही?"

"कोणी सांगायला कशाला हवं, दादा? माझे पाय तुझ्या खांद्यावर असतात."

"माझे खांदे अजून दोघांना पेलतात!"

"खांदे पेलतात. गुडघ्याचं काय? रोज मीठ तापवून शेकतोस, तो गुडघा तिघांचं ओझं कसं घेणार?"

 मिठाचं याला कसं कळलं? दार लोटून शेकतो मी. म्हणजे हा माझ्या घरावर पाळत ठेवतो. याचं बोट निखळलं होतं तेव्हा मीच ओढून बसवलं. याच्या बापाला पुरलं तेव्हा चार दिवस मी त्याच्या अंगणात झोपलो. केसाने गळा कापला माझा. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, शेजाऱ्यांनी ऐकलंय तेवढं पुरे. तो मान खाली घालून उभा राहिला. जाताना म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर 'नाही' म्हणालो असतो रे."

मग मी काद्झोवर घसरलो. "तू सांगितलंस ना त्याला?"

ती कढईतून वर न बघता म्हणाली, "म्बेयूचे बाबा, मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं."

म्बेयू दाराशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. एक ती तरी माझ्या बाजूची आहे.

मंगळवार, १८ मार्च

कित्साओला शिकवतोय. पोरगा ऐकतो, हेच वाईट. पाय कुठे ठेवायचे, श्वास कधी धरायचा, सगळं विचारून घेतो आणि वर म्हणतो, "काका, तुमच्यासारखं मला नाही यायचं." माझ्या जागेवर उभा राहून मलाच गोड बोलतो.

आज पडण्याचा सराव करत होता. एवढं धूड, पण मांजरासारखं लोळतं. त्याला म्हटलं, "हे बुंध्याला कशाला?" तर म्हणाला, "थोयाकाका म्हणतात, ताकद असलेला माणूस उशिरा पडतो, आणि पडायला शिकलेला कमी मोडतो. दोन्ही हवं." पाठ केलंय लेकाने.

गुरुवार, २० मार्च

एक युक्ती केली. लिहून ठेवतो, नंतर हसायला येईल.

कित्साओ फेरीबोटीकडे निघाला होता, त्याला गाठून सांगितलं, "हॉटेलवाल्यांनी शनिवारचा खेळ रविवारवर नेलाय." त्याच्याकडे फोन नाही, शनिवारपर्यंत तो इकडे येणारही नव्हता. "बरं काका," म्हणाला. त्याने दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

एकच खेळ. थोयाच्या पायांना एकदा कळू दे की बुंधा अजून उभा आहे. मग तोच म्हणेल, ईस्टरला तूच ये. गुडघ्याला दोन दिवस पट्टी बांधून ठेवतो. आज बरा वाटतोय.

शनिवार, २२ मार्च

म्बेयू पडली.

रविवार, २३ मार्च

काल लिहवलं नाही. आज लिहितो.

कित्साओ आला नाही. थोया दोनदा रस्त्यापर्यंत बघून आला. हॉटेलचा माणूस घाई करत होता. मी कपडे घालून तयारच होतो. थोया म्हणाला, "दोनच थर करू. मी खाली, म्बेयू वर."

मी म्हटलं, "लोकांना तीन सांगितलेत. मी आहे ना."

"दादा, दोन."

"बुंध्याचा शब्द मोठा की तुझा?"

तो म्बेयूकडे बघत राहिला. म्बेयू माझ्याकडे बघत होती. ढोल वाजायला लागले होते. मी तलावाकाठच्या फरशीवर पाय रोवले आणि हाक दिली, "आहे!"

थोया चढला. त्याने हाक द्यायला वेळ लावला. मला राग आला, मी खालून ओरडलो, "दे की!" त्याने दिली. म्बेयूचं पाऊल माझ्या मांडीवर, मग खांद्यावरून वर गेलं. हलकं असतं तिचं पाऊल. तिने हात पसरले असावेत, कारण टाळ्या सुरू झाल्या, आणि त्याच वेळी गुडघा आत वळला. आवाज झाला की नुसतं मला वाटलं, सांगता येत नाही. मी बसलो. वीस वर्षांत पहिल्यांदा बसलो.

थोया बाजूला उडी मारून घोट्यावर आला. म्बेयू दोन माणसांच्या उंचीवरून आली. मी तिला बघितलं. हात पुढे टाकले नाहीत. हनुवटी छातीला गेली, हात पोटाशी गेले, हवेतच वळली, खांद्यावर आली आणि फरशीवर लोळत तलावाच्या कडेपर्यंत गेली. फडफडणारे हात-पाय नाहीतच, नुसतं एक गाठोडं.  मग ती उठली, लोकांकडे वळली आणि वाकून नमस्कार केला. लोकांना वाटलं खेळातलंच आहे. उभे राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी.

दवाखान्यात एक्स-रे काढले. खांदा काळानिळा, हाड एकही मोडलेलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंग कसलेलं आहे आणि पडायचं माहीत आहे, म्हणून वाचली. पण याच्यावर भरवसा ठेवून पुन्हा पडू नका. मान दोन बोटं इकडे असती तर शिकलेलं काही कामाला आलं नसतं." थोयाचा घोटा सुजलाय. मला काही नाही, गुडघा सोडून.

कोणी मला एक शब्द बोललं नाही. थोया नाही, काद्झो नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कित्साओ आज ठरल्याप्रमाणे रविवारी आला. थोयाने त्याला विचारलं, "काल कुठे होतास?" पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "मीच दिवस चुकलो, काका." आणि मी तिथेच होतो. मी गप्प बसलो.

गुरुवार, २७ मार्च

सराव माझ्याशिवाय चालू आहे. मला कोणी "येऊ नको" म्हटलेलं नाही. वाळूत गेलं की सगळे जागा देतात, पाहुण्याला देतात तशी. गेली वीस वर्षं हा संच माझ्या नावाने ओळखला जायचा. गुडघ्याने घात केला, मित्राने घात केला, आणि दोघेही माझ्याच अंगाला चिकटलेले.

आज ठरवलं, थोयाला तोंडावर विचारायचं की माझ्या घरातली बातमी त्याला कोणी दिली. किनाऱ्यावर उतरायला प्रवाळी दगडाच्या तीन पायऱ्या आहेत. लहानपणापासून मी त्या न बघता उतरतो. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं, डावा पाय गेला, आणि उजव्याने सावरायला हवं होतं त्याने सावरलं नाही. वीतभर उंचीची पायरी. मी उजवा हात पुढे टाकला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं.

त्याच डॉक्टरीणबाई. कागद वाचून त्यांनी चष्मा वर केला. "तुम्हीच ना मुलांना पडायला शिकवता?"

मी म्हटलं, "शिकवायचो."

"मग स्वतः कधीपासून केलं नाहीत?"

आठ वर्षं म्हणालो. त्या हसल्या नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. पायात ताकद राहिली नाही, तोल राहिला नाही, आणि अंग शिकलेलं विसरलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. तीन थरांवरून पडलेली मुलगी घरी चालत गेली आणि एका पायरीवरून पडलेला बाप झोळीत हात घालून.

बुधवार, २ एप्रिल

(डाव्या हाताने. अक्षर लागेल तसं लागो.)

म्बेयू मला उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, भरवत होती. तिलाही उजवा खांदा वर नेता येत नाही अजून, त्यामुळे घास देताना तीही वाकडी आणि घेताना मीही वाकडा. काद्झो बघून तोंड फिरवून हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा घरात कोणी हसलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं मी.

मी म्हटलं, "थोयाने दगा दिला नसता तर हे काही झालं नसतं."

म्बेयूने घास ताटलीत ठेवला. "बाबा, थोयाकाकांना मी सांगितलं. गुडघ्याचं. मिठाचं. फेब्रुवारीतच."

मला वाटलं ती त्याला पाठीशी घालतेय. तिच्याकडे बघितलं आणि कळलं की नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते हे. मी तिला म्हटलं, "बापाला विकलंस तू." म्हटलं, "माझ्या घरात, माझं मीठ खाऊन." बरंच म्हटलं. काद्झो मध्ये पडली नाही. म्बेयू रडली पण उठून गेली नाही. शेवटी माझा दम संपला तेव्हा मी विचारलं, "तुला एवढं माहीत होतं तर चढलीस कशाला माझ्यावर? हॉटेलात? त्याआधी रोज वाळूत?"

"तुम्ही 'आहे' म्हणालात म्हणून."

मी झोळीतला हात सावरून बसलो.

"रोज वाट बघितली, बाबा," ती म्हणाली. "आज 'नाही' म्हणतील, उद्या म्हणतील. कोणी काही विचारलं नसतं. तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून मी पडायला लागले. थोयाकाकांना मीच म्हटलं, बाबा खाली बसले तर मी कशी येईन तसं मला पाडा."

ती भिंत. डोळ्यांवर बांधलेला लेसो. मी मोडक्या होडीत बसून चौदापर्यंत मोजलं होतं.

ताटली उचलून ती दारापर्यंत गेली आणि मागे न वळता म्हणाली, "आणि कित्साओला रविवार कोणी सांगितला, तेही मी विचारलेलं नाही."

शनिवार, ५ एप्रिल

मला अजून राग आहे. तिचा आहे, थोयाचा आहे. माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या पाठीमागे ठरवलं सगळं. कोणीतरी एकाने तोंडावर सांगायला हवं होतं की चेंगो, तू संपलास.

हे लिहिलं आणि मागची पानं चाळली. थोयाने १ मार्चला विचारलं होतं. ९ मार्चला घरी येऊन सांगितलं होतं. काद्झोने सांगितलं. पोरीने तर "मी शिकवते" म्हटलं होतं. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

सोमवार, ७ एप्रिल

थोयाकडे गेलो. सांगितलं, कित्साओला मी फसवलं.

"माहीत आहे," थोया म्हणाला. "त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होतो." मग आपल्या घोट्याची पट्टी सोडत, बांधत बसला. "माझंही चुकलं, दादा. हाक मीही दिली होती. मी 'नाही' म्हटलं असतं तर ती चढलीच नसती. तू खालून ओरडलास आणि मी लाजेखातर 'आहे' म्हटलं. तिच्याकडे बघवत नाही मला."

 त्याच्या बायकोने शहाळी फोडून दिली. माझं त्याने धरलं, मला एका हाताने जमेना.

कित्साओची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे, काका." त्याच्या त्या "असू दे"ने मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. पण आता मला "काका, हे कसं करू?" असं विचारत नाही तो. थोयाला विचारतो.

शनिवार, १९ एप्रिल

परदेशी माणूस आला, बघितलं, निवडलं. कित्साओ, थोया, म्बेयू, आणि बाकीचे दोघे. सहावा म्हणून कोणी नवा घेणार. मी मागे, माडाला टेकून उभा होतो. कित्साओने "आहे!" म्हटलं तेव्हा माझ्या तोंडातूनही शब्द येत होता, तो गिळला.

म्बेयू वर गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला वर उभी बघितलं. खालून कधी दिसतच नाही. एवढी उंच दिसते हे मला माहीत नव्हतं.

रविवार, ४ मे

परवा प्लास्टर निघालं. हात वाळक्या मुहोगोच्या मुळासारखा झालाय. शनिवारी ते सगळे निघतील.

गेले आठ दिवस मी सकाळी लहान पोरांबरोबर वाळूत पडतोय. खरंच पडतोय, मोजून दहा वेळा, आधी बसल्या जागेवरून, मग गुडघ्यांवरून. नऊ जण आहेत, सगळ्यात मोठा दहा वर्षांचा, त्यांना आजोबा पडताना बघायला फार आवडतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या बैठका खुर्ची धरून करतो. एका पायावर अकरापर्यंत गेलो. पहिल्याच दिवशी पाण्याचा डबा भरून डाव्या हाताने वाळूतून ओढत आणला. एका पोरीने विचारलं, "आजोबा, तुम्ही का आणताय? हात कोणी टाकला?" मी म्हटलं, "मी टाकला. मार्चमध्ये."

आज संध्याकाळी शेवटचा सराव होता. आवरताना म्बेयू माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एकदा. दोनच थर. जायच्या आधी."

थोया जागीच थांबला. कित्साओही. पोरं गोल करून बसली. मी वाळूत पाय रोवले, वाकलो, मांडी पुढे केली. तिने पाऊल ठेवलं. तेच पाऊल, ती सहा वर्षांची असल्यापासून मी ओळखतो ते. तिने दुसरा पाय उचलला नाही. हाकेची वाट बघत होती.

गुडघा आज बराच बरा होता. दोन थर कदाचित पेलले असते. कदाचित.

समुद्राचा आवाज येत होता. मला वाटलं आयुष्यभर तो शब्द माझ्या तोंडात तयार असतो, आता दुसरा कुठून आणू. तिच्याकडे मान वर करून बघितलं. तीही बघत होती, हॉटेलात बघत होती तशीच.

"नाही," मी म्हटलं.

तिने पाऊल काढून घेतलं. थोयाने शिट्टी खिशात टाकली, पोरं उठून अंगावरची वाळू झटकायला लागली, कित्साओने डबा उचलला. म्बेयू माझ्या शेजारी वाळूत बसली, पाय पसरून, आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

कोणी काही विचारलं नाही.